गिरणीच्या भिंतीवरची रांग

प्रिय अक्का,

तुला जाऊन चौदा महिने झाले. एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्या लग्नानंतर बरीच वर्षं आपण एकमेकींना पत्रं लिहायचो, मग घरोघर फोन आले आणि पत्रं थांबली. आता फोनची सोय राहिली नाही, म्हणून पुन्हा कागद घेऊन बसलेय.

पण खरं कारण ते नाही. महिन्याभरापूर्वी रत्नागिरीत मी तुझी भिंत पाहिली. तिथून तशीच पावसला भाऊजींकडे गेले. त्यांच्याशी जे बोलणं झालं त्यात ते मला म्हणाले, "हे तू तिला सांगायला हवं होतंस." काय सांगायला हवं होतं ते तुला ठाऊक आहे, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी ते माझ्या तोंडून यायला हवं. तेव्हा ऐक.

मी हयातीचा दाखला द्यायला रत्नागिरीला गेले होते. नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे जाऊन दाखवावं लागतं. माझं खातं अजून रत्नागिरीतच आहे. चिपळूणला बदलून घे, असं तू किती वेळा सांगितलंस! नाही बदललं. त्या निमित्ताने तुझ्याकडे एक चक्कर व्हायची, म्हणून मुद्दाम नाही बदललं. हे तुला कधी कळलं होतं का?

काम अर्ध्या तासात झालं. गाडीला दोन तास होते. मोठा रस्ता गटारासाठी खणून ठेवलेला, म्हणून मी बाजारपेठेच्या मागच्या बोळात शिरले. तोच बोळ गो, शाळेतून येताना आपण नाक दाबून पळत पार करायचो तो.

बोळाच्या तोंडाशी आले आणि वाटलं, चुकून दुसरीकडेच आले. दोन्ही बाजूंच्या भिंती रंगवलेल्या होत्या. एका घराच्या पन्हळीच्या पाइपाचा कोणी माड केला होता. वर झावळ्या, झावळ्यांत कावळा. विजेच्या मीटरची पेटी लालभडक पोस्टाची पेटी झाली होती. पुढे अख्ख्या भिंतीएवढा खंड्या, त्याच्या चोचीत मासा, आणि माशाच्या डोळ्याच्या जागी भिंतीतला जुना खिळा. त्याच्या पलीकडे होडीत बसून एक मांजर जाळं ओढत होतं. मी साठी उलटलेली बाई, हातात फाइल, खांद्याला पर्स, आणि एकटीच हसत उभी. एका स्कूटरवाल्याने दोनदा हॉर्न दिला तेव्हा बाजूला झाले.

आणि मग पिठाच्या गिरणीची भिंत आली.

गिरणी चालू होती, दारात दळणाचे डबे रांगेने ठेवलेले. भिंतीवर एसटीचा थांबा काढला होता. थांब्याच्या पत्र्याखाली बायका उभ्या होत्या, आठ-नऊ जणी, खऱ्या बाईएवढ्या उंचीच्या. एकीच्या डोक्यावर डबा, एकीच्या काखेत सूप, एकीच्या हातात हेल्मेट. सगळ्या गाडीच्या वाटेकडे बघत होत्या, म्हणजे बघणाऱ्याकडेच. गाडी येत नव्हती आणि कोणाची तक्रार दिसत नव्हती.

मी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. का, ते सांगता येत नाही. बऱ्याच जणी अनवाणी होत्या आणि प्रत्येकीच्या पायाचा अंगठा वर उचललेला होता. आईचा होता तसा. तुझा होता, माझा आहे तसा. चांभाराकडे नेलेली कुठलीही चप्पल आपल्या घरात कधी धड बसली नाही, त्या अंगठ्यापायी.

मग वर पाहिलं. तिसरी बाई आई होती. जांभळी साडी, आणि पदराला आतल्या बाजूने लावलेलं हिरवं ठिगळ. ते ठिगळ जगात आणखी कोणाला ठाऊक असणार, अक्का? आईला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि ती भर बाजारात पितळी डबा घेऊन उभी होती, खालचा ओठ तसाच थोडा मुडपलेला.

आईच्या पुढे तू होतीस. सतरा वर्षांची. शाळेचा निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, दोन वेण्या, काखेत कागदाची गुंडाळी. उजवा हात जरासा बाजूला केलेला, बोटं वळलेली, कोणाचा तरी हात धरावा तशी. आणि त्या हातात कोणी नव्हतं. तुझ्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा नुसती निळी सोडलेली होती.

मी गिरणीच्या पायरीवर बसले.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. तू मला दिलेली चित्रं माझ्याकडे नाहीत. चिपळूणला पूर आला तेव्हा ती पलंगाखालच्या ट्रंकेत होती. पाणी चढायला लागल्यावर मी आधी घराची कागदपत्रं माळ्यावर नेली, मग औषधं, मग मिक्सर. मिक्सर, अक्का! ट्रंकेपर्यंत पोचले तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. नंतर तू फोनवर सगळ्यांची चौकशी केलीस, भांड्यांची केलीस, अगदी तुळशीच्या कुंडीचीसुद्धा केलीस. चित्रांचं एका शब्दाने विचारलं नाहीस. मीही बोलले नाही. तुझ्या हातची एक रेघ माझ्या घरात उरली नाही या विचाराने तू गेल्यावर मी किती जळले ते मलाच माहीत. आणि इथे तुझ्या हातची अख्खी भिंत उभी होती.

गिरणीतून एक बाई बाहेर आल्या, केसांवर पीठ. माझ्याच वयाच्या.

"काय गो बाय, चक्कर आली काय?"

मी भिंतीकडे हात केला आणि विचारलं, हे कोणी काढलं? त्या म्हणाल्या, पावसच्या काकूंनी. मंगळवारी गिरणी बंद असते, तेव्हा भिंतीपाशी गर्दी नसते, म्हणून दर मंगळवारी यायच्या. दीड वर्ष आल्या. मग आजारी पडल्या नि गेल्या. डोक्यावर डबा घेतलेल्या बाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, ही मी.

"ती माझी बहीण," मी म्हटलं.

त्या तशाच वळल्या. आत गेल्या आणि गिरणी बंद केली. कोणाचं तरी दळण अर्ध्यावर होतं. बोळात एकदम शांत झालं. मग बाहेर येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.

"म्हंजे तू सुधा," त्या म्हणाल्या.

यशोदाबाई त्यांचं नाव, हे तुला काय सांगायचं! पण मला ते सगळं पहिल्यांदाच कळत होतं, म्हणून मला कळलं त्या क्रमाने लिहिते. त्यांनी फोन करून शाहीनला बोलावलं. वीस मिनिटांत ती स्कूटरवरून आली, हातात तेच भिंतीवरचं हेल्मेट. तिशीची असेल, जवळच्याच शाळेत चित्रकला शिकवते. तिने मला पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्या पायांकडे बघितलं. मग हसली आणि लगेच तिचे डोळे भरले.

तिने सांगितलं की तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी घराघरात विचारून हा बोळ रंगवायला घेतला होता. एक दिवस एक बाई बोळातून चालली होती, गुडघ्यावर हात ठेवत. मांजराच्या होडीपाशी थांबली. बराच वेळ बघून म्हणाली, सूर्य डावीकडे काढलात आणि सावलीही डावीकडेच पाडलीत, असं कसं? शाहीनला जरा राग आला. तिने ब्रश पुढे केला आणि म्हणाली, मग तुम्हीच दाखवा काकू. आणि काकूंनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि दाखवलं.

तू खरोखरच गुडघ्याच्या शेकासाठी रत्नागिरीला जायचीस तेव्हा. पहिले दोन महिने. मग शेक संपला आणि मंगळवार राहिला.

आणि मी काय करायचे? मंगळवारी दुपारी तुला फोन लावायचे, कारण त्या वेळी माझ्याकडे कोणी नसतं. तू उचलायची नाहीस. संध्याकाळी तू उलट फोन केलास की मी फुरंगटून बोलायचे, की धाकट्या बहिणीसाठी दहा मिनिटं मिळत नाहीत तुला? तू म्हणायचीस, शेक चालू असतो गो, हात रिकामे कुठे? हात रिकामे नसायचे हे खरंच होतं म्हणा.

पण मला का नाही सांगितलंस? यशोदाबाईंना माझं नाव ठाऊक. शाहीनला माझा पाय ठाऊक. शाहीन म्हणाली, त्या तुमच्याबद्दल खूप बोलायच्या, तुम्ही शाळेत कविता कशा म्हणून दाखवायचात ते सांगायच्या. दीड वर्ष तू या अनोळखी बायकांमध्ये बसून माझ्याबद्दल बोलत होतीस आणि मला यातलं काही सांगत नव्हतीस. त्या पायरीवर बसल्या बसल्या मला आधी रडू आलं आणि मग राग आला. इतका, की यशोदाबाईंनी केलेला चहा मी अर्धा ठेवला. शाहीनला विचारायचं होतं की ती निळी जागा कोणासाठी ठेवलीय. विचारलं नाही. मला कळत होतं, आणि त्यानेच राग वाढत होता.

चिपळूणची गाडी सोडून मी पावसच्या गाडीत बसले. त्या तासाभरात मला दुसरं काही आठवत नव्हतं, फक्त फॉर्म आठवत होता.

तू मॅट्रिकला होतीस. ड्रॉइंगच्या बाईंनी मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म आणून दिला होता. तो तू मला विहिरीच्या कट्ट्यावर बसून दाखवलास, हात धुऊन, कडा धरून. पालकांच्या सहीच्या जागी तू स्वतःच अप्पांची सही केली होतीस. हुबेहूब. मी म्हटलं, अक्का, ही तर अप्पांचीच सही. तू म्हणालीस, कोणाला सांगू नकोस हं सुधे, तुलाच फक्त माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा कोर्टात जायला निघाले होते, कोटाची बटणं लावत होते. मी जाऊन सांगितलं, अक्का मुंबईला शिकायला जाणार आहे, फॉर्म भरलाय.

असं नव्हे की तोंडून निसटलं. मी ठरवून सांगितलं. मला तू जायला नको होतीस, एवढंच. तू गेलीस की शाळेत कोणाबरोबर जायचं, केस कोण विंचरणार, आई चिडली की कोणाच्या मागे लपायचं? मला वाटलं, अप्पा रागावतील, तू दोन दिवस रडशील आणि घरीच राहशील. मी तेरा वर्षांची होते आणि तेवढंच दिसत होतं.

अप्पा रागावले नाहीत. तुझ्या दप्तरातून फॉर्म काढून घेतला, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि कामाला गेले. संध्याकाळी ड्रॉइंगच्या बाईंच्या घरी जाऊन आले. त्यानंतर त्या विषयावर आपल्या घरात कोणी बोललं नाही. तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. ते आठ दिवस माझ्या वेण्या आईने घातल्या. नवव्या दिवशी तू फणी घेऊन मागे येऊन बसलीस आणि म्हणालीस, मान सरळ ठेव.

बस, एवढंच. पुढे सत्तेचाळीस वर्षं आपण त्याबद्दल बोललो नाही. तू मला कधी विचारलं नाहीस की का सांगितलंस. विचारायची गरज नव्हती, कोणी सांगितलं हे उघड होतं. पण का, हे तर विचारायचंस! तू विचारलं असतंस तर मी लगेच सांगून मोकळी झाले असते. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू काय केलंस? माझ्या बी.एड.च्या वेळी अप्पांशी भांडलीस. पावसहून मुद्दाम येऊन त्यांना सांगितलंस की सुधा शिकणार. आणि मी शिकले, शिक्षिका झाले, पेन्शन घेतेय. त्या पेन्शनीचा दाखला द्यायला गेले तिथे तुझी भिंत निघाली.

तर मला वाटलं, उत्तर सरळ आहे. एकदा तू मला गुपित सांगितलंस आणि मी ते फोडलं. दुसऱ्यांदा कशाला सांगशील?

पावसला पोचले तेव्हा भाऊजी पडवीत बसून पिशव्यांत माती भरत होते, रोपं हलवायची होती. त्यांनी काही न विचारता पाणी दिलं. मी विचारलं, तुम्हाला भिंतीचं ठाऊक होतं?

होतं, ते म्हणाले. दर मंगळवारी तेच तुला थांब्यावर सोडायचे. पिशवीत तुझी रंगकामाची जुनी साडी असायची. संध्याकाळी नखांतला रंग निघावा म्हणून ते वाटीत रॉकेल काढून ठेवायचे.

"मग मला का नाही सांगितलं?"

ते माती भरत राहिले. मग म्हणाले, "मी विचारलं होतं तिला. सुधाला सांगू का म्हणून. ती म्हणाली, इतक्यात नको. पहिल्यांदा काहीतरी माझं एकटीचं आहे, थोडे दिवस असू दे."

मी म्हटलं, असं नाही भाऊजी, तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. आणि मग मी त्यांना फॉर्मची सगळी गोष्ट सांगितली. विहिरीपासून कोटाच्या खिशापर्यंत. पहिल्यांदाच मोठ्याने सांगत होते. मध्येच लक्षात आलं की त्यांचे हात थांबले आहेत.

त्यांना काही ठाऊकच नव्हतं, अक्का. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तू त्यांना फॉर्मचं सांगितलं नव्हतंस. तुला चित्रकला येते, तुळशीवृंदावनावर वेल काढतेस, आंब्याच्या पेट्यांवर बागेचं नाव रंगवतेस, एवढंच त्यांना माहीत. कॉलेजात जाणार होतीस, हे नाही. तू मला पाठीशी घातलंस की त्यांना वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिलीस? की तुलाच तो विषय नको होता? आता कोणाला विचारू?

मला वाटलं होतं, भाऊजी म्हणतील, जाऊ दे, लहान होतीस. त्यांनी तसं म्हटलं नाही. अर्धी भरलेली पिशवी बाजूला ठेवली. त्यांनाही लागलं होतं ते. मग विचारलं, "तिला कधी बोललीस हे?"

नाही, मी म्हटलं.

"हे तू तिला सांगायला हवं होतंस."

रागाने नाही म्हणाले. जे खरं ते म्हणाले.

मग उठून आत गेले आणि तुझी वही घेऊन आले. शंभर पानी, रेघांची, मुलांची शाळेची असते तसली. तिच्यात सगळी रांग पेन्सिलीने काढलेली होती, प्रत्येकीच्या खाली नाव. आई. यशोदाबाई. शाहीन. मध्ये रिकाम्या जागी नुसती उभी चौकट आखलेली, आणि खाली तुझ्या बारीक अक्षरात लिहिलेलं: "सुधा. समोर उभी करून काढायची, मनानं नको. गणपतीला येईल तेव्हा विचारावं."

गणपतीच्या आधीच तुझं पोट दुखायला लागलं. मी आले ती दवाखान्यात. दोन महिने तुझ्या उशाशी होते, आणि तू त्यातलं काही बोलली नाहीस. एकदाच विचारलंस, सुधे, तुला एका जागी बराच वेळ उभं राहता येईल का गो आता? मला वाटलं, माझ्या कंबरेची चौकशी करतेयस. मी म्हटलं, माझं राहू दे, तू पडून राहा.

हे आठवलं आणि भाऊजींसमोर मी वही तोंडावर धरून रडले. तुला सरळ विचारता येत नव्हतं का? आणि मला तरी, का विचारतेस, असं म्हणता आलं नाही?

पुढच्या मंगळवारी मी रत्नागिरीला गेले. शाहीनला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की मी उभी राहायला येतेय. ती म्हणाली, काकूंच्या भिंतीला मी हात कसा लावू? मग म्हणाली, बरं, या.

तिने विचारलं, कोणत्या वयाच्या काढू? काकू सतरा वर्षांच्या आहेत, म्हणजे तुम्ही तेरा वर्षांच्या हव्यात. मी तिला जुना फोटो देईन असं तिला वाटलं होतं. मी रस्ताभर तोच विचार करत आले होते. तेरा वर्षांच्या मुलीला तिथे उभं करायला माझं मन होईना. तुझा हात धरायला तीच आली असती तर तिला काय, काही कबूल न करताच हात धरून उभी राहिली असती. मी शाहीनला म्हटलं, आहे तशी काढ. चष्मा, पांढरे केस, सगळं.

दोन मंगळवार उभी राहिले. सोपं नाही गो ते. दर अर्ध्या तासाने यशोदाबाई स्टूल आणून द्यायच्या. बोळातून जाणारे थांबून बघायचे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तुझ्याबद्दल विचारलं, की ही मुलगी कोण? मी म्हटलं, माझी मोठी बहीण. ते एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून निघून गेले.

हाताचं काम शाहीनने शेवटी ठेवलं होतं. तुझ्या बोटांना तिला ब्रश लावायचा नव्हता. तू जशी वळवून ठेवली होतीस त्यांतच माझा हात बसवायचा होता. तीनदा पुसून काढला. माझा हात आता तुझ्या तेव्हाच्या हातापेक्षा मोठा आहे, गाठी आलेल्या. तो तुझ्या मुठीत पुरता मावत नाही, दोन बोटं बाहेर राहतात. शाहीन म्हणाली, लहान करू का? नको म्हटलं.

झाल्यावर यशोदाबाई लांब जाऊन बघून आल्या. म्हणाल्या, नाक बरोबर उतरलंय, पण एवढी गंभीर कशाला उभी? मी काय सांगणार? उभ्या उभ्या तुझ्याशी बोलत होते, मनात. तेच सगळं जे आज लिहितेय. अक्का, मी सांगितलं अप्पांना. मला तू जायला नको होतीस. माझं चुकलं. तुझं जे गेलं ते माझ्यामुळे गेलं. ते तुला साठी उलटल्यावर एका बोळात मिळालं, दर मंगळवारी थोडं थोडं, आणि तेही पुरतं होईपर्यंत तुझ्या हातात राहिलं नाही. याला माफी आहे का मला माहीत नाही. मागायची राहिली होती, ती मागते.

आता एकच उरलं आहे. भाऊजींनी ती भिंत अजून पाहिलेली नाही. पुरी झाल्यावर नेईन, असं तू त्यांना सांगितलं होतंस, आणि तू गेल्यावर त्यांच्याने जाववलं नाही. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, ती नाही तिथे मी काय बघू? परवा मी फोन करून सांगितलं की रांग आता पुरी झाली. त्यावर त्यांनी विचारलं, स्वतःला कुठल्या साडीत काढलंय तिने? म्हटलं, साडी नाही भाऊजी, शाळेचा स्कर्ट आहे. दोन वेण्या आहेत. सतरा वर्षांची आहे.

 मग म्हणाले, "मी बघायला आलो तेव्हा ती वीस वर्षांची होती. पोहे दिले नि गेली. मान काय वर केली नाही तिनं."

भिंतीवर तू सरळ समोर बघते आहेस. मान वर करून.

पुढच्या मंगळवारी मी त्यांना घेऊन येते, अक्का. येतो म्हणालेत. पांढरा सदरा इस्त्रीला टाकलाय, असं शेजारच्या वहिनी सांगत होत्या. त्यांना मी तुझ्यासमोर उभं करीन आणि यशोदाबाईंकडे आत जाऊन बसेन. त्यांना किती वेळ लागायचा तो लागू दे. कोणी हाक मारायला बाहेर येणार नाही, एवढं मी बघते.

तुझी,
सुधी